दोऱ्याच्या वाटेवर

“बाय, दोऱ्याच्या वाटेर तें चिकटव नाका. दोरो चाबता,” असं शेवंती म्हणाली होती आणि गौरवी हसली होती. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात, पूर्वी कंपनीत कुणी प्रयोगशाळेच्या दारात देवळासारखी पायताणं काढून आत यायचं तेव्हा हसायची तशी. शेवंती म्हणजे कोरगावच्या शाळेतली आया. पोरांची नाकं पुसायची, न्हाणी धुवायची, दुपारी भाजी-पाव वाटायची आणि उरलेले पाव पदराखाली धरून घरी न्यायची. तिनं सेजलला न्हाणीत नेताना फ्रॉक वर केला असणार, पोटावर चिकटवलेली ती पांढरी चकती पाहिली असणार, चकतीतून निघालेली नळी आणि कमरेच्या काळ्या करगोट्याला लोंबणारी पिशवी पाहिली असणार, आणि शाळा सुटल्यावर फाटकाशी गौरवीला गाठून एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखी बोट वर करून सांगितलं होतं. “बरं हां, बघते,” गौरवी म्हणाली. बघते म्हणजे बघणार नाही, हे शेवंतीलाही कळलं असावं. ती पदर सारखा करून गेली. स्कूटरवर पुढे उभ्या असलेल्या सेजलचे केस गौरवीच्या हनुवटीला लागत होते, खोबरेल तेलाचा वास येत होता, आणि गौरवी मनात म्हणत होती, दोरा म्हणे चावतो, आता हिच्याकडून शिकायचं तेवढं राहिलंय. ही बया दहापर्यंत मोजताना सात विसरते.

ते वाक्य ती विसरली असंही म्हणता येणार नाही. विसरायला आधी ऐकावं लागतं.

आज, दोन महिन्यांनी, गणपतीची चवथ बारा दिवसांवर आलेली असताना, बलकांवातल्या, दारापुढच्या ओसरीतल्या मेजावर तिनं तीन बाटल्या एका रेषेत मांडल्या होत्या. औषधाच्या रिकाम्या, उकळून घेतलेल्या. प्रत्येकीवर पट्टी, पट्टीवर तारीख, वेळ, पोटाची बाजू. प्रत्येकीत पोरीच्या अंगातून चकतीसकट काढलेली मऊ नळी, सहा मिलिमीटरची, मिशीच्या केसाहून जराशी जाड. यंत्र म्हणजे मोबाईलएवढा पंप, त्यातून इन्सुलिन बाहेरच्या नळीनं चकतीपर्यंत येतं आणि चकतीखालच्या या इवल्या नळीनं कातडीखाली उतरतं. चकती, बाहेरची नळी, इवली नळी, सगळं मिळून एक सेट. दर तिसऱ्या दिवशी जुना उपटायचा, नवा ठोकायचा. इवली नळी आत वाकली की यंत्र वर आपलं गुणगुणत राहतं, पडद्यावर सगळं हिरवं दिसतं, आणि पोरीच्या रक्तात एक थेंब जात नाही. बारा दिवसांत तीनदा वाकली. तिसऱ्यांदा साखर चारशे सतरा, किटोन, रक्तात साचणारं आम्ल, दोन पूर्णांक नऊ, आणि सेजल शाळेच्या पायरीवर ओकत बसलेली, ओठ कोरडे, श्वासाला कुजक्या फळासारखा गोडसर वास. तो वास गौरवीला ओळखीचा होता. तुयेंच्या औषध कंपनीत चार वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये काढलेल्या बाईला अॅसिटोनचा वास कुणी सांगावा लागत नाही. पण तो आपल्या पोरीच्या तोंडातून यावा आणि आपण त्याच्यासाठी नाक पुढे करावं, ही नोकरी तिनं मागितली नव्हती.

हॉस्पिटलात तीन दिवस गेले. घरी येऊन आज चौथा. जुन्या सेटचा शेवटचा खोका संपत आला होता आणि आता तिला दुसरा निवडायचा होता. चुकीचा निवडला तर चौथी बाटली. चौथ्या वेळी शाळेची पायरी असेलच असं नाही. पोर झोपेतही असू शकते.

निवडायचं म्हणजे कुणाला विचारायचं? तिनं सगळ्यांना मनातल्या मनात रांगेत उभं केलं आणि एकेकाला नापास केलं. नवरा सुदेश, वीज खात्यात, दिवसभर दुसऱ्यांच्या तारा जोडणारा, स्वतःच्या पोरीची नळी लावताना तोंड फिरवतो आणि म्हणतो, “गो, तू जरा शांत रव मगे.” शांत राहण्याचं काम त्यानं तिच्याकडे लावून दिलं होतं, इतर सगळ्या कामांसारखं. शेजारच्या बायका, ज्यांना अजून वाटायचं की सेजलनं लहानपणी पेढे जास्त खाल्ले. एकीनं तर कारल्याचा रस आणून दिला होता, वर झाकण म्हणून हळदीचं पान, आणि गौरवीनं तो तिच्यादेखत कर्दळीच्या मुळाशी ओतला होता. आहारतज्ज्ञ बाई, जिच्या छापील तक्त्यात ब्रेडच्या स्लाइसचे ग्रॅम होते पण दारावर येणाऱ्या पोदेराच्या उंड्याचे, गोल पावाचे, नव्हते, गौरवीनं सात दिवस सात उंडे काट्यावर ठेवून सरासरी काढली आणि त्या बाईला दाखवली, तर बाई म्हणाली, “वा, छान छंद आहे तुमचा.” छंद! आणि सासू सुलोचना. तिच्याबद्दल विचार करताना गौरवीच्या जिभेवर नेहमी एकच शब्द यायचा, तो ती गिळायची.

सासूनं काय केलं होतं? दोन वर्षांपूर्वी सेजलला पहिल्यांदा हॉस्पिटलात ठेवलं, डॉक्टरांनी हा मधुमेह जन्मभराचा आहे म्हणून सांगितलं, तेव्हा सुलोचना तिसऱ्या दिवशी देवळात जाऊन कौल लावून आली. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघत बसायचं. “उजवो कौल जालो गो,” ती वॉर्डच्या दारात म्हणाली, डोळे भरलेले, “देवान हय म्हटलां.” कशाला होय म्हटलं, ते मात्र देवानं सांगितलं नव्हतं. पाकळी ओली असली की उशिरा सुटते, वाळली की लवकर. गौरवीनं तेव्हाही एवढंच म्हटलं होतं, शांतपणे, आणि शेजारच्या खाटेवरची बाई तिच्याकडे भुतासारखी बघत राहिली होती. भटानं मंतरलेला काळा करगोटा दिला होता. तो सुलोचनानं झोपलेल्या पोरीच्या कमरेला बांधला, सलाइनची नळी चुकवत, दोन गाठी मारून. गौरवीनं बांधू दिला. भांडायला अंगात जोर लागतो आणि तो तिनं आकड्यांसाठी राखून ठेवला होता.

मग या मे महिन्यात पंप आला. यंत्राला अडकवायला कंपनीचा पट्टा होता, रुंद, रबरी. गोव्याच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली सेजलला पुरळ आलं. गौरवीनं एक दुपार पोरीसमोर मांडी घालून काढली. पोर उघडी, हातात आंब्याची कोय, कमरेला तो काळा दोरा. आणि तिला सुचलं. मऊ सुती पिशवी शिवायची, वर दोन बंद, आणि बंद त्या करगोट्यालाच बांधायचे. दोरा आहेच. घामानं कुजत नाही, पोर त्याला विसरलेली आहे, काढायचाही नाही. ती इतकी खूश झाली की एकटीच हसली. अंधश्रद्धेला कामाला लावलं म्हणायचं हे. फुकट बसून खाणाऱ्या पाहुण्याला विहिरीवर पाठवावं तसं. सासू तेव्हा दारात सुपारी कातरत बसली होती. ती म्हणाली, “देवाचो दोरो तो. तेका यंत्र कित्याक लायतय?” गौरवीनं फोटो काढला. पोटावर चकती, आखूड नळी, काळा दोरा, फुलाफुलांची पिशवी. आणि ग्रुपवर टाकला.

ग्रुपचं नाव ‘गोड लेकरांच्या आया’. या नावाचीच तिला शिसारी यायची. सत्तर-ऐंशी बाया, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, काही सिंधुदुर्गातल्या. कुणी सकाळी देवाचे फोटो टाकायची, कुणी दालचिनीचे उपाय, कुणी ‘हा मेसेज किमान दहा जणांना पाठवा’. गौरवी तिथे फक्त दुरुस्ती करायला जायची. चुकीचं एकक, चुकीचा आकडा, चुकीचं स्पेलिंग. पण त्या फोटोवर अठ्ठावीस लाल बदाम आले आणि तिनं ते मोजले. हे तिला आज मेजाशी बसून आठवलं आणि कानशिलं गरम झाली. मोजले होते, दोनदा.

फाटक वाजलं. योगेश आला. पंप विकणाऱ्यांचा माणूस, पणजीहून, तिशीतला, टाय लावलेला आणि टायला घामाचा डाग. त्यानं कदेल, लाकडी खुर्ची, ओढून घेतली, बॅग मांडीवर ठेवली आणि पहिलंच वाक्य टाकलं, “म्याडम, टेन्शन घेऊ नका.”

“मी टेन्शन घेत नाही,” गौरवी म्हणाली, “मी बाटल्या ठेवते. त्या बघा.”

त्यानं बाटल्यांकडे पाहिलं. मग खोके काढले. एक मऊ नळीचा सरळ सेट, सध्याचाच, फक्त नळी नऊ मिलिमीटर. दुसरा तिरपा, नळी कातडीत कलती शिरणारी. “बारीक मुलांना हा बरा, म्याडम. अंगावर चरबी नसली की सरळ नळी वाकते.” तिसरा स्टीलच्या सुईचा, सहा मिलिमीटर, दर दोन दिवसांनी बदलायचा. “ही वाकतच नाही. पण मुलं बोंब मारतात. टोचतं.”

“किती टक्के वाकतात? सरळ आणि तिरपा, दोन्हींचे आकडे द्या.”

“आकडे तसे... डॉक्टर सांगतात तिरपा चांगला.”

“कुठले डॉक्टर? किती मुलांवर?”

“म्याडम, माझं बी.कॉम. झालंय,” योगेश म्हणाला. त्यात काही लबाडी नव्हती. गौरवीला क्षणभर वाईट वाटलं असतं, पण तिनं वाटू दिलं नाही. दारात सुलोचना तांब्याभर पाणी आणि पेला घेऊन आली होती. ती योगेशला म्हणाली, “पिये रे पुता. हिच्या परीक्षेत आमच्या घरात अजून कोण पास जावंक ना.” योगेश हसला आणि गौरवीनं बघितल्यावर थांबला.

ती एकेक खोका उघडत गेली. तिला लहानपणापासून नव्या वस्तूंचा वास आवडायचा, आणि या वस्तूंचाही वास नवा, स्वच्छ, कंपनीतल्या पहिल्या दिवसासारखा होता. पांढरा डगला, डोक्यावर टोपी, काचेपलीकडे सरकणाऱ्या बाटल्या, आणि हातात एक शिक्का: नाकारले. चार वर्षांत तिनं तो शिक्का किती वेळा मारला असेल. आख्ख्या आख्ख्या खेपा परत. शिफ्टचे मुकादम तिला बघून दुसऱ्या वाटेनं जायचे. नाकारताना मनगटात जो एक झटका बसायचा तो तिला सुखाचा वाटायचा, आणि नोकरी सुटल्यावर ते सुख तिनं घरी आणलं, माणसांवर चालवलं. शिक्का नव्हता, पण नाक होतं. दोन वर्षांपूर्वी सेजल रात्रंदिवस पाणी मागत होती, वजन उतरत होतं, तेव्हा गौरवी म्हणत होती की उन्हाळा आहे. एका खेपेत तिचं स्वतःचं निदान चुकलं होतं. त्यानंतर तिनं ठरवलं, की आता काहीही नजरेतून सुटणार नाही, आणि इतकं बघायला लागली की ऐकणं बंद झालं.

“मी लावून बघते,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“मला. माझ्या पोटावर. पोरीवर प्रयोग करू?”

योगेश घाईघाईनं अंगणातल्या तुळशीकडे तोंड करून बसला. सुलोचना गेली नाही. गौरवीनं कमीज वर केली. सलवारच्या नाडीच्या वर, बेंबीच्या डावीकडे, सेजलला लावते तिथेच, स्पिरिट पुसलं. थंडगार वर्तुळ पडलं. मग स्टीलची सुई धरली आणि दाबली. टोच बसली, मग जळजळ, मग काही नाही. चकती चिकटली. इतकंच? तिला जवळजवळ राग आला. दोन वर्षं आपण पोरीला टोचतो आहोत आणि एकदाही स्वतःला टोचलं नाही, ही गोष्ट तिच्या अंगावरून उंदरासारखी पळून गेली. “टोचत नाही,” ती योगेशच्या पाठीला म्हणाली. “बोंब मारण्यासारखं काही नाही. बोंब तुमची कंपनी मारते.”

सेजल आतून आली. सातवं चालू होतं तिचं. हॉस्पिटलनं गालांची हाडं वर काढली होती. हातात चवथीसाठी कागदाचं तोरण. “आई, तुलापण लावलं?” तिनं विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघवेना. “आता तुलापण उंडो खाताना आकडो घालचो पडतलो?”

“हो.”

“आणि शाळेत कोण चिडयतलें तुका?”

सुईचं टोपण मेजावरून घरंगळलं, जमिनीवर पडलं. गौरवी वाकली उचलायला. आणि ओरडली.

नाडी होती ती. वाकल्याबरोबर सलवारची नाडी वर सरकली, चकतीच्या कडेवर चढली आणि तिनं चकती खाली दाबून धरली. सुई आत कलंडली. पोटात कुणीतरी किल्ली फिरवावी तशी कळ गेली. ती तशीच वाकलेली राहिली, एक हात जमिनीवर, टोपणापासून चार बोटांवर. कानात रक्त वाजत होतं आणि त्या आवाजातून, शाळेच्या फाटकापासून, दोन महिन्यांच्या अंतरावरून, एक बाई पदर सावरत चालत आली आणि बोट वर करून म्हणाली: दोरो चाबता.

गौरवी उभी राहिली. मेजावरच्या तिन्ही बाटल्यांतल्या नळ्या चिमट्यानं काढून पांढऱ्या कागदावर ठेवल्या, चकतीची वरची बाजू वर येईल अशा. हे तिनं आधी का केलं नव्हतं? तारीख लिहिली, वेळ लिहिली, बाजू लिहिली, पट्ट्या सरळ चिकटवल्या, आणि वस्तू पाहिली नाही. तिन्ही नळ्या एकाच जागी मोडल्या होत्या, गळ्याशी, अगदी चकतीला लागून. तिन्ही खालच्या दिशेनं. डावीकडची काय, उजवीकडची काय. आतल्या मांसानं वाकवली असती तर टोक वाकलं असतं, कसंही, कुठेही. हे वरून झालं होतं.

“म्याडम, हे वरून दाबल्यासारखं...” योगेश मागून म्हणाला.

“गप्प बसा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “हो.”

तिनं सेजलला जवळ ओढलं, फ्रॉक वर केला. यंत्राची पिशवी दोऱ्याला लोंबत होती. वजन ते काय, शंभर ग्रॅम. “वाक बघू. तोरण उचल.” पोर वाकली. पिशवी पुढे झुलली, दोरा तिच्याबरोबर पोटावरून सरकला आणि चकतीच्या कडेवर नेमका चढून बसला, रोजची जागा असल्यासारखा. कातडीवर त्याची लाल चरी होती. ती चरी गौरवी रोज बघत होती, रोज तिला खोबरेल लावत होती. बाहेरची नळी आखूड म्हणून चकती दोऱ्याच्या वाटेवरच लावायची; एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, जागा बदलायच्या नियमाप्रमाणे, वहीत नोंद करून. मांडीवर लावता आली असती. कुल्ल्यावर वर, दंडावर. पण मग तिची पिशवी निरुपयोगी झाली असती. फोटोतली पिशवी.

हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण विचारत होती, काही दाब, काही घट्ट कपडा? गौरवीनं तिच्याकडे असं पाहिलं होतं की ती पुढच्या खाटेकडे गेली.

“कात्री,” गौरवी म्हणाली. आणि मग तिचा हात पुढे जाईना. देवाला ती भीत नव्हती. दारात उभ्या असलेल्या म्हातारीला भीत होती. ती आता काय बोलेल, किती दिवस बोलेल, चवथीच्या पंगतीत कुणाकुणापुढे बोलेल. सुलोचना आत गेली. बाहेर आली ती अडकित्ता घेऊन. नातीसमोर गुडघे मोडून बसली, पिशवीचे बंद आधी सोडले, यंत्र सुनेच्या हातात दिलं, आणि सुपारी फोडावी तसा तो काळा दोरा एका दाबात तोडला.

“आई, अहो...”

“देवाक हांव सांगतां कितें तें,” म्हातारी म्हणाली. दोरा मुठीत गुंडाळत उठली, गुडघ्यावर हात टेकून. “देवान दोरो दिल्लो गो. ओजें तुवें घातलें.”

त्या वाक्यात कुठेच नाक मुरडलेलं नव्हतं, टोमणा नव्हता. गौरवीनं शोधलं. तिला हवं होतं थोडं तरी, टेकायला.

तिनं नवी चकती काढली, जुनाच सेट, सहा मिलिमीटर, मऊ, सरळ. मांडीवर लावली, बाहेरच्या बाजूला, जिथे काहीच घासत नाही, आणि यंत्र फ्रॉकच्या खिशात सोडलं. सेजल म्हणाली, “आई, पोट कसें हळू हळू वाटता,” म्हणजे हलकं. योगेशनं घसा साफ केला. “मग कुठला सेट लिहू, म्याडम?”

“हाच,” गौरवी म्हणाली. “जो होता तोच.”

सगळं निस्तरलं होतं. तिनं श्वास सोडला, खुर्चीत बसली, स्वतःच्या पोटावरची सुई उपटून काढली, कापसावर रक्ताचा ठिपका उमटला. त्या ठिपक्याकडे बघता बघता तिला अठ्ठावीस लाल बदाम दिसले.

अठ्ठावीस.

तेजस्विनी. तिनंही बदाम टाकला होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘ताई मस्त आयडिया मी पण करणार’. सावंतवाडीकडची कुणीतरी, नवरा खाणीवर ट्रक चालवतो, डिचोलीत भाड्याच्या खोलीत राहते, मुलाचं नाव साईश, पाच वर्षांचा, पंप कुठल्याशा ट्रस्टकडून मिळालेला. एवढं माहीत होतं कारण ती सगळं सांगायची, न विचारता, लांबलचक आवाजी निरोपात, मालवणीत, मधेच मुलाला दम देत. तिला टाइप करायचा कंटाळा. दहा दिवसांपूर्वी तिनं गौरवीला थेट निरोप पाठवला होता, पहिला आणि शेवटचा गौरवीनं ऐकलेला: “ताई, नळी वाकता सारखी. खयचो सेट घेव मी?” गौरवीनं लिहिलं होतं, ‘आधी माहितीपत्रक वाचा. मग विचारा.’ आणि तिचा आवाज बंद करून टाकला होता. त्यानंतर निळे ठिपके साचत गेले. आता सहा होते.

तिनं बोट ठेवलं.

“ताई, माहितीपत्रक इंग्रजीत हा ओ. माका तितक्या येयत नाय.” पुढचा: “डॉक्टर म्हणता तिरपो घे. तुमी काय म्हणतास?” पुढचा: “तुमी फोटो टाकलास तसाच केलंय मी, दोऱ्याक पिशवी. ह्येचो दोरो जरा जाड हा, बाबाजी मामान आणलेलो, तुटाचो नाय.” आणि हसण्याचा आवाज. पुढच्यात नुसता मुलगा गात होता, चुकून दाबलं गेलं असावं. पाचव्यात: “ताई, तुमका राग इलो काय माझो?” सहावा आजचा, सकाळी नऊ चाळीसचा. मागे पत्र्यावर हातोड्याचे घाव पडत होते, गॅरेज असणार, बसवाला कुणीतरी ‘साखळी, साखळी’ ओरडत होता. “ताई, साईश सकाळपासून वकता हा. यंत्रार सगळा हिरवाच दिसता. म्हणान मी वायच लिंबाचा पाणी दिलंय. हे ट्रक घेवन गेलेत. तुमी एकदा फोन करशात काय? माझ्या फोनाक चार्ज कमी हा.”

घड्याळात सव्वाबारा. फोन लावला: बंद. परत लावला: बंद. ग्रुपवर विचारलं, तिचा पत्ता कुणाकडे आहे? दोन बायांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. ट्रस्टच्या नंबरावर घंटी वाजत राहिली. १०८ वर लावला, बाईनं शांतपणे विचारलं, पत्ता? डिचोली. डिचोलीत कुठे? गौरवीला फक्त एवढं माहीत होतं की तेजस्विनीनं एकदा आपल्या भागाचं नाव बोर्डे म्हणून सांगितलं होतं आणि मागे हातोडा वाजत होता. सत्तर बायांच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईला एका बाईचं आडनाव ठाऊक नव्हतं.

“माझी गाडी आहे,” योगेश म्हणाला. तो उभाच होता, बॅग खांद्याला. “म्हापशावरून अस्नोड्याला, तासाभरात पोचू. इन्सुलिनचं पेन आहे ना तुमच्याकडे? घ्या.”

तिनं सेजलकडे पाहिलं. दोन वर्षांत तिनं पोरीला एकटं ठेवलं नव्हतं, शाळा सोडली तर. यंत्र कसं बघायचं, आकडा किती झाला तर काय करायचं, हे सासूला कधी शिकवलं नव्हतं. शिकवून काय उपयोग, असं म्हणून. “आई, अडीचशेच्या वर गेला तर...”

“फोन करतां. जा गो,” सुलोचना म्हणाली. “पोर म्हज्या नदरेक आसा. तू त्या पोराक बघ.”

आता गाडी कोलवाळच्या पुलावर उभी आहे. पुढे कंटेनर आडवा आलाय, हॉर्न वाजताहेत, योगेश टाय सैल करून खिडकीतून मान बाहेर काढतो आहे. गौरवीच्या मांडीवर पेन आणि बर्फाची पिशवी, पिशवीतून पाणी गळून सलवार ओली झाली आहे. तिची नाडी अजून तशीच घट्ट आहे आणि पोटावर टोचलं होतं तिथे दुखतं आहे. ती टाइप करते आहे. असले निरोप तिनं आयुष्यभर तुच्छतेनं पुसून टाकले. वाचताना तिच्या ओठाचा एक कोपरा आपोआप वर जायचा. तो आता जात नाही. स्पेलिंग चुकतंय, ती दुरुस्त करत नाही. गट, गाव, ओळख, अनोळख, जिथे जाईल तिथे ती तो सोडते आहे. तुमच्याकडेही तो असाच येईल.

‘तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. डिचोलीत बोर्डेच्या बाजूला असाल, किंवा तिकडे कुणी ओळखीचं असेल, तर हे वाचा. पत्र्याचं काम करणारं एक गॅरेज आहे, साखळीच्या बसचा ओरडा ऐकू येतो. तिथे जवळच्या खोलीत तेजस्विनी राहते, सावंतवाडीकडची, नवरा ट्रकवर. मुलगा साईश, पाच वर्षांचा, सकाळपासून ओकतोय. कमरेला काळा दोरा, दोऱ्याला पिशवी. ती म्हणेल यंत्र हिरवं दाखवतंय. ऐकू नका. दोरा तोडा, इन्सुलिन इंजेक्शननं द्यायला सांगा, हॉस्पिटलात न्या. तिला सांगा, चूक तिची नाही, फोटो टाकणारीची आहे. मी वाटेत आहे, पण मला उशीर होतोय. हे पुढे पाठवत बसू नका. उठा, आणि त्या पोराचा सदरा वर करून बघा.’